ओल्या फडक्यातली बाटली

धाड, ४ मार्च १९६८

चि. सहदेव यास ताईचे आशीर्वाद.

पत्र मोठं आहे, बसून वाच. चौथीच्या मुलींना शुद्धलेखन घालून मागच्या बाकावर बसून लिहिते आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. बाबांची तब्येत बरी नाही. महिनाभर तुला कळवलं नाही, कारण त्यांनीच बजावलं होतं, "सहदेवले काही लिहू नको. तो तिथं नळ्या फोडत बसन." आता मात्र माझ्याच्याने राहवत नाही.

माघात वांग्याच्या वाफ्यांना पाणी देताना त्यांच्या छातीच्या खळगीत जड वाटलं आणि ते बांधावर बसले. बाबा बांधावर बसले, यातच काय ते समज. त्या दिवसापासून भाकरी अर्धी राहते. विहिरीपासून घरापर्यंत येताना दोनदा थांबतात आणि कोणी पाहिलं तर चप्पल झटकल्यासारखं करतात. गेल्या आठवड्यात मी त्यांना बुलढाण्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढली, दोनदा पाहिली आणि म्हणाले, "हृदयाचं असेलही, नसेलही."

आता या उत्तराचं मी काय लोणचं घालू? हृदयाचं असेल तर मोट बंद, वाफे बंद, आणि जन्मभर खाट. नसेल तर दुसरं काय आहे ते शोधायला हवं, कारण माणूस डोळ्यांदेखत वाळतो आहे. मी खाटेचं नाव काढलं तर म्हणाले, "मले खाटेवर बसवसान तर म्या बसल्या जागी सरीन." माय पदर तोंडाशी धरून चुलीकडे बघत राहिली.

दिवाळीत तू आला होतास तेव्हा ओसरीवर बसून सांगत होतास, की रक्ताच्या थेंबावरून कोणता अवयव दुखावलाय ते तुमच्या प्रयोगशाळेत कळतं. तेव्हा मी हसले होते. ते खरं असेल तर ताबडतोब लिही, आणि आम्हाला कळेल असं लिही. शनिवारी शाळा सुटली की मी मेहकरला सासरी जाते, सोमवारी सकाळच्या एसटीने परत येते. त्याआधी उत्तर आलं तर बरं, नाहीतर मेहकरला माझं कशातच लक्ष लागायचं नाही.

केसरताई

---

मुंबई, ९ मार्च १९६८

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. बसून वाच म्हणालीस, मी जिन्यात उभा राहून वाचलं आणि मग सगळा दिवस वर-खाली करत काढला. महिनाभर कळवलं नाहीस याबद्दल भेटल्यावर भांडेन.

खरं आहे, कळतं. कसं ते सांगतो. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत एक विकर असतं, साखरेतून ताकद काढायला मदत करणारं. हृदयात तेच, यकृतात तेच, काम एकच. पण ते चार तुकड्यांचं बनलेलं असतं आणि तुकडे दोन जातींचे. हृदयाच्या पेशी जवळजवळ चारही तुकडे एका जातीचे वापरतात, यकृताच्या पेशी चारही दुसऱ्या जातीचे. मधली मिश्रणं धरून पाच प्रकार होतात. अवयवाला इजा झाली की त्याच्या पेशीतलं विकर रक्तात पाझरतं. आम्ही रक्तावरचं पाणी खरवसासारख्या गोठलेल्या थरावर ठेवतो, त्यातून वीज सोडतो, आणि पाच प्रकार पाच ठिकाणी जाऊन थांबतात. रंग दिला की पट्टे उमटतात. कोणता पट्टा जाड आला त्यावरून गळती कुठली ते समजतं.

मला यातलं अवघड वाटतं ते वेगळंच आहे. हृदय आणि यकृत आईच्या पोटात एकाच पेशीपासून झाले. दोघांजवळ पोथी तीच, अक्षर न् अक्षर तीच. मग हृदयाच्या पेशीला हे पान उघड आणि यकृताच्या पेशीला ते पान उघड, असं कोण सांगतं? पानं उघडणारं काहीतरी पेशीतच असणार. जंतूंमध्ये त्याचा माग लागलाय, माणसात अजून कोणाला नीट ठाऊक नाही. मी तीन वर्षं त्याच्याच मागे आहे. असो, हे तुला आत्ता कशाला!

दवाखान्यातल्या रंगराव कंपाउंडरला सांग, बाबांचं रक्त काढून काचेच्या नळीत तासभर तसंच ठेवायचं. खाली गोळा बसतो, वर गवती रंगाचं पाणी येतं. ते पाणी उकळून वाळवलेल्या बाटलीत घालायचं आणि बूच लावून कोणा भरवशाच्या माणसाबरोबर पाठवायचं. उन्हाळा सुरू झाला आहे, तेव्हा नासू देऊ नकोस. जपून पाठव.

बाबांना सांग, नळ्या फोडलेल्या नाहीत. मायला नमस्कार.

तुझा सहदेव

---

धाड, १५ मार्च १९६८

चि. सहदेव यास आशीर्वाद.

बाटली आज निघाली. शेजारचे जानराव मिरचीची पोती घेऊन मुंबईच्या व्यापाऱ्याकडे निघाले आहेत, त्यांच्या हवाली केली आहे. वाटेत जळगावला आणि नाशकाला त्यांचं काम आहे, पण सोमवारी सकाळी ते तुझ्या दाराशी येतील. हे पत्र त्यांच्या आधी पोचेल की नंतर, कोण जाणे.

रक्त काढताना बाबांनी रंगरावांना विचारलं, "किती घेता? वाफा भिजन एवढं?" आणि मग नळीकडे टक लावून बसले. पाणी वर आल्यावर म्हणाले, "इतक्याशात त्याले समजते?" मी म्हटलं, समजतं. त्यांनी नळी उजेडाकडे धरून पाहिली. मग बंडी घातली.

नासू देऊ नकोस म्हणालास, त्याची काळजी करू नकोस. भाजीवाल्याची पोर आहे मी. घरातून निघालेला माल मुंबईपर्यंत कसा न्यायचा हे मला शिकवायला नको. बाजाराचा दिवस होता हे आपलं नशीब. बाटलीवर मोतीराम असं बाबांचं नाव चिकटवून सगळं नीट बांधून दिलंय आणि जानरावांना वाटेत काय काय करायचं ते तीनदा म्हणून घेतलंय.

तुझं ते विकर मी मुख्याध्यापकांना समजावून सांगितलं. काम तेच, पण ठिकाण बदललं की रूप बदलतं. म्हटलं, यात नवल काय? मी धाडला असते तेव्हा पाय पसरून बसते आणि बाबांना उलट बोलते. मेहकरच्या एसटीतून उतरले की पदर आपोआप डोक्यावर येतो आणि आवाज निम्मा होतो. बाई तीच. पदर कोण ओढतं म्हणून विचारशील तर मलाही सांगता येणार नाही. मुख्याध्यापक इतके हसले की वर्गातल्या मुली बघायला आल्या.

हसून घेतलं, पण लक्ष त्या बाटलीतच आहे. पट्टे उमटले की त्याच दिवशी लिही.

केसरताई

---

मुंबई, २२ मार्च १९६८

ती. ताईस नमस्कार.

जानराव सोमवारी सकाळी आले. ओल्या फडक्यातली बाटली हातात देऊन उभ्या उभ्याच गेले, चहासुद्धा घेतला नाही. मी त्याच दिवशी तपासणी लावली, दुसऱ्या दिवशी पट्टी वाचली, आणि तीन दिवस हे पत्र लिहायचं टाळतो आहे.

ताई, हृदय आहे. पहिला पट्टा, म्हणजे हृदयाचा, ठळक आला आहे. यकृताचा पाचवा पट्टा जवळजवळ दिसतच नाही. शंकेला जागा नाही.

आता नीट ऐक. बाबांना पूर्ण विश्रांती हवी. मोट नाही, वाफे नाहीत, बाजार नाही. ओसरीवर खाट टाकलीस तर येणारा-जाणारा बोलावेल आणि ते उठतील, म्हणून आतल्या खोलीत खाट टाक. निदान दोन महिने. औषध बुलढाण्याच्या डॉक्टरांना विचारून दे, माझं हे पत्र त्यांना दाखव.

बाबांना हे कसं सांगायचं ते मला सुचत नाही. मी घर सोडलं तेव्हा ते म्हणाले होते, "वाफ्यातलं गवत वळखाले दिसलं नाही याले, अन् हा रक्तातलं पाहाले चालला." ते मी विसरलेलो नाही. तीन वर्षांत माझं काम पहिल्यांदा घराच्या उपयोगी पडलं आणि बातमी ही अशी. त्यांना पत्र वाचून दाखव. कदाचित माझं ऐकतील.

सहदेव

---

धाड, ६ एप्रिल १९६८

चि. सहदेव यास आशीर्वाद.

ऐकलं. तुझं ऐकलं, याचंच मला आश्चर्य वाटतं.

पत्र वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं होतं, आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी नुसतं विचारलं, "त्यानं सोता तपासलं?" मी हो म्हटलं. मग उठले, विहिरीवर गेले, बैल सोडले, मोटेचा नाडा गुंडाळून खुंटीला टांगला आणि आतल्या खोलीत येऊन खाटेवर पडले. तेव्हापासून तिथेच आहेत. मोट चालवायला माय गडी बघते आहे, तोवर निम्मे वाफे वाळले.

पण सहदेव, मला चैन नाही. विश्रांतीने माणूस बरा व्हायला हवा ना? बाबा आणखी उतरलेत. भाकरीचा वास नको म्हणतात. अंगाला सारखी खाज सुटते, भिंतीला पाठ घासत बसतात. खोलीला खिडकी नाही हे तुला माहीतच आहे. दिवसाही आत कंदील लावावा लागतो. दोनदा ते न राहवून उठले, दारापर्यंत गेले, उंबऱ्यावर हात ठेवून उभे राहिले. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "वाच बरं ते पत्र आणखीन." मी वाचलं. ते परत जाऊन पडले. इतके घाबरलेत बाबा मरणाला! मला हे त्यांचं रूप पाहवत नाही. सापावर पाय पडला तरी न दचकणारा माणूस हा.

माय आपल्या परीने काही ना काही देत असते. त्याबद्दल तुला लिहायचं नाही असं ठरलंय, म्हणून लिहीत नाही.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी तुझं पत्र वाचलं आणि मान हलवली. म्हणाले, मुंबईत एवढं तपासलंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला. ही खाज कशाची? लवकर लिही. पोस्टमन रामराव मला रस्त्यात पाहिलं की आता लांबूनच हात हलवून नाही म्हणतात.

केसरताई

---

मुंबई, ११ एप्रिल १९६८

ती. ताईस नमस्कार.

खाज उन्हाळ्याची असेल. बिनखिडकीच्या खोलीत घामोळं येणारच. चंदन लाव. भूक पडून राहिल्यामुळे गेली असेल. तू कच खाऊ नकोस. एकदा उठू दिलंस तर बाबा सरळ मोटेवर जातील. पट्टी मी माझ्या डोळ्यांनी वाचली आहे. ती हट्टाने बदलत नाही.

मला इथे परवापासून नवीन प्रयोग लावायचा आहे, तेव्हा पत्राला उशीर झाला तर काळजी करू नकोस.

सहदेव

---

धाड, २१ एप्रिल १९६८

सहदेव,

आज मायना लिहायला मन होत नाही. तुझ्या चंदनाच्या पत्राचा मी बोळा केला होता, पण बाबांनी तो सारखा करून उशाखाली ठेवलाय.

काल मायने आतली खोली सारवायला काढली, म्हणून बाबांची खाट अंगणात लिंबाखाली आणली. चार आठवड्यांनी त्यांना उजेडात पाहिलं. मी पाणी द्यायला वाकले आणि तांब्या हातातून सुटला. डोळे पिवळे. हळदीत बुडवून काढल्यासारखे. नखं पिवळी, तळहात पिवळे. कंदिलाच्या उजेडात आम्ही सगळेच पिवळे दिसत होतो, कोणाला कळणार? कावीळ आहे हे सांगायला मला तुझ्या पट्टीची गरज नाही, चौथीतली मुलगीसुद्धा सांगेल. हृदयाच्या आजारात माणूस पिवळा होतो का? होत असेल तर तसं लिही. होत नसेल तर तू काय वाचलंस?

आणि आमच्याकडून काही कमी झालं असं म्हणू नकोस. ती बाटली मी तळहातावरच्या फोडासारखी जपली. बाजारातल्या बर्फवाल्याकडून बर्फाची अर्धी लादी घेतली. डब्यात लाकडाचा भुसा, त्यात बर्फ, बर्फात बाटली. वरून खडे मीठ घातलं, कारण मिठाने बर्फ आणखी गार होतो हे मी स्वतः सातवीला शिकवते. वरून ओलं गोणपाट. जानरावांनी जळगावला बर्फ बदलला, नाशकाला बदलला, प्रत्येक वेळी मीठ घातलं. मला येऊन अभिमानाने सांगत होते, की मुंबईला बाटली काढली तेव्हा आतलं पाणी दगड झालं होतं, डबा स्टेशनवर टाकून दिला आणि मग ओल्या फडक्यात गुंडाळून तुझ्यापर्यंत नेली. याहून कोणी काय करायचं?

मला उत्तर हवं. आज हवं.

केसर

---

मुंबई, २४ एप्रिल १९६८

ताई,

तार केली आहे. या पत्राआधी मिळाली असेल: "सर्व औषधं बंद. हृदय नाही. पत्र येतं आहे." इतकंच लिहिता आलं. अक्षर इतकं गिचमिड आलं की तारबाबूने दोनदा विचारलं काय लिहिलंय म्हणून.

चूक तुझी नाही, हे आधी वाच आणि मग पुढचं.

यकृताचा तो पाचवा प्रकार थंडी सोसत नाही. दूध, मांस, भाजी, सगळं गारव्यात टिकतं. हा एक गोठला की मरतो. साध्या खोलीत, टेबलावर, चार दिवस धड राहिला असता. मीठ घातलेल्या बर्फात तीन दिवसांत त्याचा मागमूस राहिला नाही. म्हणून पाचवा पट्टा दिसला नाही. आणि पाण्यात थोड्या लाल पेशी राहिल्या असणार, त्या गोठून फुटल्या. लाल पेशींतला प्रकार हृदयासारखाच असतो. म्हणून पहिला पट्टा ठळक आला. यकृत गळत होतं आणि आपण दोघांनी मिळून त्याचा पुरावा पुसला.

मी तुला लिहिलं, नासू देऊ नकोस. गार करू नकोस हे लिहिलं नाही. प्रयोगशाळेत हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून लिहायचं सुचलंच नाही. पण त्याहून वाईट सांगायचं राहिलं आहे. बाटलीतलं पाणी गुलाबी होतं. गवती हवं, ते गुलाबी होतं, हे मी पाहिलं होतं. असा नमुना फेकून दुसरा मागवायचा हा आमचा पहिला नियम. ओलं फडकंही पाहिलं होतं. पण आपल्या घरची मेथीची जुडीसुद्धा ओल्या फडक्यातच येते, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या सरांना दाखवलं असतं तर एका नजरेत त्यांनी ओळखलं असतं. दाखवलं नाही. घरचं काम माझ्या हाताने, एकट्याच्या हाताने व्हावं असं मला वाटत होतं. तुला लिहिलं, शंकेला जागा नाही. जागा होती, ताई. मी ती लपवली.

आता मला खरं सांग. माय काय देते? जे काय आहे ते सगळं लिही, कितीही क्षुल्लक असो. आणि नवं रक्त पाठव. बर्फ नको, मीठ नको, ओलं फडकं नको. जानरावांना म्हणावं बंडीच्या खिशात ठेवा, अंगाच्या उबेत. मध्ये कुठेही उतरू नका. मी स्वतः निघालो असतो, पण मी तिथे येऊन काय करणार, तपासायची सगळी साधनं इथे आहेत.

मी दोन दिवस जेवलेलो नाही. हे मायला सांगू नकोस.

सहदेव

---

धाड एसटी स्टँड, २९ एप्रिल १९६८

चि. सहदेव,

गुडघ्यावर कागद ठेवून लिहिते आहे. मलकापूरची गाडी लागायला अजून थोडा वेळ आहे म्हणतात, तो निम्मा करून धर.

मायची गोष्ट ही. पौषात बाबा शेगावला दर्शनाला गेले, तेव्हा रस्त्यावर बसलेल्या एका वैदूकडून गुडघेदुखीची पुडी घेतली. राखाडी भुकटी, मधातून घ्यायची. गुडघे खरंच थांबले म्हणून चालू ठेवली. सगळं दुखणं त्यानंतरचं आहे, हे आता हिशेब मांडल्यावर दिसतं. तुला सांगायचं नाही अशी शपथ बाबांनी घातली होती. "तो शिकला-सवरला हाये, हासन आपल्याले." आणि तुझं हृदयाचं पत्र आल्यावर मायने एकीच्या दोन पुड्या केल्या, ताकद यावी म्हणून. तार आली त्या दिवशी तिने सगळ्या पुड्या उकिरड्यात पुरल्या. माती लोटून वर दगड ठेवला आणि दगडावर बसून रडली. मी तिला काही बोलले नाही. बर्फाची लादी मी आणली होती, मी कोणत्या तोंडाने बोलू?

तुझं पत्र काल आलं. सगळं वाचून दाखवलं, गुलाबी पाण्यासकट. लपवणार होते, पण या घरात आता लपवालपवी पुरे झाली. बाबा ऐकत होते. तू जेवला नाहीस तिथे मी थांबले तर म्हणाले, "वाच, वाच." रंगराव नळी घेऊन आले तेव्हा बाबा खाटेवरून उठून धोतर बदलत होते.

"रगत गरम पाहिजे म्हणते ना तो? मंग बाटलीत काऊन भरता? ज्याच्यात हाये त्याच्यातच घेऊन जातो."

मी म्हटलं, तुम्हाला उभं राहवत नाही. म्हणाले, "गाडीत बसूनच जा लागते." माय आडवी झाली, तिला म्हणाले, "पोरगं उपाशी हाये." यावर ती बाजूला झाली आणि शिदोरी बांधायला लागली.

जानराव सोबत आहेत. परीक्षा सोडून मी निघणार होते, तर बाबा म्हणतात तू आलीस तर वाटेत मला बर्फात ठेवशील. असं बोलले तेव्हा महिन्याभरात पहिल्यांदा हसले. डोळे पिवळे, आणि हसतायत. मला तिथेच रडू फुटलं.

गाडी लागली. हे पत्र त्यांच्याच खिशात घालते आहे. मोतीराम नावाचा एक नमुना पाठवला आहे, गोठवलेला नाही. बूच नीट लावलेलं नाही, रस्ताभर बोलेल. सांभाळून उतरवून घे.

केसरताई

---

मुंबई, १९ मे १९६८

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

बाबा बरे होताहेत हे तुला दोन कार्डांनी कळलंच आहे. आज सविस्तर लिहितो.

ते उतरले त्याच दिवशी मी त्यांना सरांसमोर उभं केलं आणि माझी जुनी पट्टीही पुढे ठेवली. सगळं कबूल केलं. सर पट्टीकडे बघून इतकंच म्हणाले, "हे माझ्या विद्यार्थ्याने वाचलं?" त्यांनी ओरडायला हवं होतं. मग त्यांनी स्वतः बाबांचा दंड धरून रक्त काढलं. बाबांना पट्टे उमटेपर्यंत तिथेच थांबायचं होतं, सरांनी खुर्ची दिली. पाचवा पट्टा सगळ्यांत जाड आला. पहिला जेमतेम रेघ. हृदय धडधाकट आहे, ताई.

बाबांनी ओल्या पट्टीवर बोट दाखवलं. "यातलं दिल कोणतं? हे बारीक? मंग चांगलं हाये ना?" मी म्हटलं, चांगलं आहे. "म्हंजे मोट हाकता येईन." सर मराठी नसूनही मोट शब्दावर हसले, कारण गेला तासभर तेच ऐकत होते.

दोन आठवडे रुग्णालयात ठेवलं. डॉक्टर म्हणतात, यकृत त्या भुकटीनेच दुखावलं, ती आणखी महिनाभर पोटात गेली असती तर काही करता आलं नसतं. आता डोळे बरेच निवळलेत, भाकरी मागतात, आणि इथली वांगी पाहून नाक मुरडतात. परवापासून माझ्या खोलीवर आहेत.

एक गोष्ट मला सुटत नव्हती, ती काल विचारली. म्हटलं, बाबा, तुम्हाला तुमचं अंग कळतं. पायातला काटा कोणत्या झाडाचा ते तुम्ही न पाहता सांगता. हृदय नाही हे तुम्हाला वाटलं नाही का? ते म्हणाले, "वाटलं ना. दुखत खाली होतं, तू सांगत होता वर."

"मग पडून काऊन राह्यले?" मी विचारलं.

ताई, तू लिहिलं होतंस, बाबा मरणाला घाबरलेत, म्हणून पत्र पुन्हा पुन्हा वाचायला लावतात. मीही तेच धरून चाललो होतो. आपण दोघंही चुकलो. बाबा खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "तीन साल तू तिथं काय करतं, मले समजत नव्हतं. पह्यल्यांदा घरासाठी काही सांगतलं तुनं. म्या उठलो असतो, हिंडलो असतो, अन् मले काही झालं नसतं, तं गावात तू खोटा पडला असता. मंग म्हटलं, पडून राहू."

बिनखिडकीच्या त्या खोलीत चार आठवडे ते माझी पट्टी खरी ठरवत पडून होते. वाफे वाळू दिले. मी इथून चंदन लावा म्हणून लिहीत होतो. मी त्यांच्या पायांशी बसलो आणि लहानपणीही रडलो नसेन इतका रडलो. त्यांनी थोडा वेळ रडू दिलं, मग म्हणाले, "उठ बे, तुह्यं ते काम राह्यलं असन."

आज सकाळी प्रयोगशाळेत कोणाचा तरी नमुना आला. थोडासा गुलाबी होता. मी तो ठेवून घेतला नाही. दुसरा पाठवा म्हणून चिठ्ठी लिहिली आणि खाली ओळ घातली: बर्फात ठेवू नये. मग ती ओळ पुन्हा एकदा ठळक केली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बाबांना घेऊन येतो. मी पंधरा दिवस राहणार आहे. नाडा खुंटीवरून काढून तेल लावून ठेव, ते रोज त्याचंच विचारतात.

तुझा सहदेव